नळाला बांधलेली वायर

राधाकृष्णांनी एक्स्टेन्शन बोर्ड गुंडाळून परत कपाटात ठेवला. गाडीबरोबर आलेलं पुस्तक त्यांनी सकाळपासून दोनदा वाचलं होतं. बोर्डावरून चार्जिंग करू नये, या ओळीखाली पेन्सिलीची रेघही मारली होती.

“गाडी माझी आणि पुस्तक तुमचं पाठ,” त्यांचा मुलगा पुष्कर म्हणाला.

तो काल संभाजीनगरहून नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊन आला होता. त्यानं खिडकीतून केबल आत ओढली आणि चार्जर कूलरच्या सॉकेटमध्ये लावला. घरात मोठा सॉकेट तेवढा एकच होता.

चार्जरवर तांबडा दिवा लागला.

“अर्थिंग मिळत नाही म्हणतोय.”

“आपल्याकडे आहे अर्थिंग,” राधाकृष्ण म्हणाले. मग हळूच, “असावं.”

चौकातल्या वायरमन लालसिंगला बोलावलं. त्यानं मेन बंद केलं, सॉकेट उघडला आणि हिरव्या वायरीचा माग काढत मागच्या मोरीपाशी जाऊन उकिडवा बसला.

“काका, हितं या बरं.”

घर बांधताना मिस्त्रीनं अर्थिंगची वायर नळाच्या लोखंडी पाइपला बांधली होती. गल्लीत सगळ्यांनीच तशी बांधली होती. वायर अजून घट्ट होती. पण लोखंडाचा वीतभर तुकडाच तेवढा भिंतीत उरला होता. त्याच्यापुढे जमिनीत गेलेला पाइप पांढऱ्या प्लास्टिकचा.

“प्लास्टिकातून करंट मातीत उतरतो व्हय? ही गाडी शहाणी म्हणून बोलली. फ्रिज, कूलर काय बोलत न्हाईत. कुणाला झटका न्हाई बसला अजून? नशीब म्हणा.”

तीन उन्हाळ्यांपूर्वी पुष्करची आई, सुधाताई, कूलरपाशी पडलेल्या सापडल्या होत्या, शेजारी बादली लवंडलेली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला राधाकृष्णांनीही तेच सांगितलं होतं.

“पाइप कवा बदलला, काका?”

राधाकृष्णांनी पाइपाकडे पाहिलं. सांध्याजवळ निळ्या पेनानं केलेल्या मापाच्या खुणा अजून दिसत होत्या. अक्षर पुष्करचं. दिवाळीच्या सुटीत त्यानंच करवतीनं पाइप कापला होता, आणि दुसरं टोक सुधाताईंनी धरलं होतं.

“मी…” त्यांनी सुरुवात केली.

“आई गेल्यावर,” पुष्कर म्हणाला. “त्यानंतरच्या दिवाळीत.”

हे बोलताना तो लालसिंगकडे नाही, वडिलांकडे पाहत होता.

“व्हय का, काका?”

राधाकृष्णांनी मान हलवली. होकारार्थी.

दुपारपर्यंत अंगणात खड्डा झाला. तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, वर माती. हिरवी वायर नव्या पट्टीला जोडून लालसिंगनं मेन चालू केलं. चार्जरवर हिरवा दिवा लागला.

“उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी टाकत जा यात. कोरडं पडू देऊ नका.”

राधाकृष्ण बादली भरून घेऊन आले. पुष्करनं ती त्यांच्या हातून काढून घेतली आणि खड्ड्यात ओतली. मग तो दुसरी भरायला गेला. मग तिसरी. माती पाणी प्यायची थांबली, कडेनं ओघळ वाहू लागला.

“बस की आता,” लालसिंग म्हणाला. “दादा, बस.”

पुष्कर पुन्हा नळाकडे निघाला होता. राधाकृष्णांनी पुढं होऊन त्याच्यासाठी नळ सोडला.