संघपालचा अर्धा पाइप

आमच्या सिडकोतल्या घरात देवघर लहान आहे आणि पाइपांचं कपाट मोठं. माझे यजमान सुदर्शनराव तंबाखू ओढायचे पाइप जमवतात. त्यासोबत तंबाखूचे रिकामे डबे, पाइपातला तंबाखू दाबायच्या पितळी काड्या, लाकडी स्टँड, आणि छावणीच्या बाजारातून आणलेली एक पत्र्याची जाहिरात. तिच्यातला गोरा साहेब पाइप तोंडात धरून थेट माझ्या स्वयंपाकघरात बघत असतो. माझं अर्धं आयुष्य सरलं त्याच्यासमोर पोळ्या लाटण्यात, पण एकदा म्हणून त्याने नजर वळवली नाही.

ओढणं मात्र बंद आहे. छातीत स्टेंट बसले तेव्हा डॉक्टरांनी सक्त मनाई केली. आता सुदर्शनराव संध्याकाळी रिकामा पाइप तोंडात धरून गॅलरीत बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "हा छंद आहे, व्यसन नाही." आईसमोर हे वाक्य ते जरा मोठ्याने म्हणतात, कारण त्यांची आई मिश्री लावते.

त्यांची आई म्हणजे आवडाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या लासूर स्टेशनजवळच्या खेड्यात राहतात. तव्यावर तंबाखू काळा होईस्तोवर भाजायचा, चुरायचा आणि दाता-हिरड्यांना चोळत बसायचं, ही त्यांची मिश्री. दरवर्षी घटस्थापनेआधी त्या आमच्याकडे दसरा काढायला येतात. दसरा काढायचा म्हणजे गोधड्या, भांडी, डबे, पडदे, घरातली एकूण एक वस्तू धुऊन उन्हात टाकायची. मागे एका साली त्यांनी वायफायचा डबाही धुतला. तेव्हापासून त्या दिवसांत पाइपांच्या कपाटाला कुलूप असतं.

खरं तर ते कुलूप एकाच पाइपासाठी होतं. संघपालच्या. संघपाल त्यांचा जिवलग मित्र, फर्दापूरचा, अजिंठ्याच्या लेण्यांवर गाइड. कुणा फ्रेंच म्हाताऱ्याने जाताना त्याला पाइप भेट दिला आणि दोघा मित्रांना एकदमच नाद लागला. संघपाल रविवारी यायचा, चेरीच्या वासाचा तंबाखू भरायचा आणि ओढण्यापेक्षा बोलायचा जास्त, त्यामुळे पाइप सारखा विझायचा. एका रविवारी अर्धाच ओढून झाला तोवर त्याच्या गाडीची वेळ झाली. "राहू दे भरलेला, पुढच्या रविवारी ओढतो," म्हणाला आणि पाइप गॅलरीच्या कठड्यावर ठेवून गेला. त्याच आठवड्यात तो झोपेतच गेला. त्याची बायको विशाखा पाइप न्यायला तयार झाली नाही. "तुमच्यापाशीच बरा, भाऊजी," म्हणाली.

तो अर्धा जळलेला तंबाखू सुदर्शनरावांनी पाइपात तसाच ठेवला. रोज ते तो पाइप नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि जागेवर ठेवायचे. मीही एकदा वास घेऊन पाहिला. चेरी, धूर आणि संघपालचं जाकीट. मला रडू आलं, मग मी भाजीला फोडणी टाकायला गेले.

यंदा आत्याबाई आल्या त्याच दिवशी सुदर्शनरावांनी त्यांची मिश्रीची डबी कचऱ्याच्या गाडीत टाकली. "तोंडाचा कॅन्सर होईल, आई. या वयात व्यसनं शोभतात का?" हे बोलण्यासाठी त्यांना तोंडातला पाइप काढावा लागला. आत्याबाई पदर खोचून पडदे काढायला लागल्या. मला वाटलं, सुधारल्या.

दुसऱ्या दिवशी सुदर्शनराव वास घेऊन घाईत बँकेत गेले आणि किल्ली कपाटालाच राहिली. मी गच्चीवर गोधड्या वाळत घालत होते. खाली आले तर गॅलरीत धुतलेल्या चादरीवर सगळे पाइप उपडे घातलेले, साबणाने घासून लख्ख. पत्र्यावरच्या साहेबालाही आंघोळ घडली होती. आत्याबाई कोपऱ्यात बसून दातांवरून बोट फिरवत होत्या, चेहऱ्यावर मोठं समाधान. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुदर्शनराव दारात.

त्यांनी चादरीवरून नेमका तो पाइप उचलला आणि आत बोट घातलं.

"आई, ह्यात तंबाखू होता."

"व्हता की."

"मग कुठंय?"

"लावला."

"लावला म्हणजे?"

"दाताला. डबी तर तू फेकून दिली. सकाळधरनं डोस्कं फुटायलं व्हतं माझं. ह्यात बघितलं तर आयता भाजलेला. चुरला न् लावला. वाया कशाला घालू, बाबा?"

सुदर्शनराव ओल्या फरशीवरच बसले. फर्दापूरला संघपालच्या मातीच्या वेळीही मी या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं. "संघपालचा होता तो, आई. त्याचं तेवढंच राहिलं होतं माझ्याकडं."

आत्याबाईंचं बोट दातावर थांबलं.

"संघपालचा? हितं आले की मला मिश्रीला जर्दा आणून द्यायचा तो, तुला चोरून. म्हणायचा, मावशी, सुदर्शनला सांगू नका."

हे आम्हाला दोघांनाही नवं होतं. आत्याबाई चूळ भरायला उठत होत्या, त्या परत खाली बसल्या.

"चूळ भरायची ऱ्हायली हाय अजून," त्या म्हणाल्या. "ये हितं. जवळ बस."

सुदर्शनराव सरकत त्यांच्याजवळ गेले. आत्याबाईंनी तोंड त्यांच्याकडे केलं आणि हळूच श्वास सोडला. सुदर्शनरावांनी वास घेतला आणि डोळे मिटले.

त्या दुपारी आत्याबाई जेवल्या नाहीत. चहा नेला, तोही परत पाठवला. गॅलरीत मायलेक खांद्याला खांदा लावून बसले होते. आत्याबाई संघपालच्या गोष्टी सांगत होत्या, मध्येच कुंडीत थुंकत होत्या. माझ्या मोगऱ्याच्या कुंडीत. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी फक्त दुसरी कुंडी जवळ सरकवून दिली.

अंधारून आलं. देवापुढे दिवा लावायची वेळ झाली, आणि उष्ट्या तोंडाने आत्याबाई दिवा लावत नाहीत. मी तांब्याभर पाणी आणून ठेवलं.

"सुदर्शन," त्या म्हणाल्या, "भरू का रं चूळ आता?"

सुदर्शनरावांनी आणखी एकदा वास घेतला. मग तांब्या उचलून स्वतःच त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं.

"भर, आई."