वाल्दिरची हमी

नवरा लीनो वारला तेव्हा डेल्फिना अडतीस वर्षांची होती. त्याची आई बिबियाना पुढेही तिच्याकडेच राहिली. अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डमधल्या आम्हा केप व्हर्डी लोकांना त्याचं काही वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढे, डेल्फिना मायदेशी फोगो बेटावर सुट्टीला गेली आणि वाल्दिर नावाच्या गवंड्याशी लग्न करून परतली तेव्हा.

लग्न झटपट झालं, नवऱ्याला इकडे आणणं मात्र अवघड होऊन बसलं. डेल्फिना अमेरिकेची नागरिक. पण त्याच्या ग्रीन कार्डासाठी त्याला पोसण्याची आपली ऐपत आहे हे तिला सरकारला दाखवायचं होतं. चर्चमागच्या मदत केंद्रातल्या बाईंनी तिचे कराचे कागद पाहिले.

"कमी पडतंय गं. आधी बरी कमाई होती की. कारखान्याने तास कमी केले का?"

"नाही. मीच केले."

बाईंनी खोदून विचारलं नाही. "मग दुसरा हमीदार आण. पण त्याला नीट समजावून सांग. वाल्दिर इथला नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या नावावर दहाएक वर्षांचं काम जमा होईपर्यंत तो बांधील. उद्या तुमचा काडीमोड झाला तरी हमी सुटत नाही."

अशी ऐपत असलेला एकच माणूस तिच्या ओळखीत होता: लीनोचा थोरला भाऊ आर्मिंदो. त्याचा छपरं घालण्याचा धंदा होता. आणि हाच आर्मिंदो तिच्या लग्नाच्या जेवणाला आला नव्हता.

रविवारी तो आईला भेटायला आला. डेल्फिनाने त्याच्यापुढे काचूपाचं, आमच्याकडच्या मका-घेवड्याच्या कालवणाचं, ताट ठेवलं आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं.

आर्मिंदोने चमचा खाली ठेवला. "म्हणजे माझ्या भावाच्या घरात दुसरा येणार, आणि त्याच्या पोटाची हमी मी द्यायची?"

"नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, भाऊजी. मला राग नाही यायचा."

"लीनो असताना तू जादा पाळ्या करायचीस. आता काय झालं? नवऱ्याशी फोनवर बोलण्यात दिवस जातो?"

डेल्फिना भांडी घासायला वळली. बोलली ती म्हातारी.

"मी पडले ना मागच्या हिवाळ्यात. मला आंघोळ कोण घालतं? तू येतोस रविवारी, जेवतोस, जातोस. मला संडासला कोण नेतं, कधी विचारलंस?"

"आई, तू मला सांगितलं का नाहीस?"

"हिने सांगू दिलं नाही. म्हणाली, त्यांना त्यांचा व्याप आहे."

आर्मिंदोने ताट बाजूला सारलं. मग तसाच उठून निघून गेला. "गेलं," डेल्फिना म्हणाली. बिबियानाने ते ताट स्वतःपुढे ओढलं आणि खायला लागली.

तीन दिवसांनी तो कामाच्या बुटांनिशी दारात आला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कराचे कागद होते.

"कुठे सही करायची ते दाखव. आणि त्याला फोन लाव."

पलीकडून वाल्दिर चाचरत म्हणाला, "दादा, तुमच्यावर भार नाही टाकणार मी."

"ते बघू. उंचावर चक्कर येते का?"

"नाही."

"मग ठीक. आणि ऐक. तुम्ही दोघं भांडून वेगळे झालात तरी माझी सुटका नाही म्हणे. तेव्हा भांडायचं नाही. मला परवडायचं नाही."

डेल्फिना हसली, आणि हसता हसता तिला रडूच फुटलं. आर्मिंदोने खिडकीबाहेर बघत पेन मागितलं.

तिकडे राजधानी प्राइयातल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत झाली, व्हिसा मिळाला. वाल्दिर फेब्रुवारीत बॉस्टनला उतरला, अंगात पातळ जाकीट. डेल्फिनाने शेजाऱ्याची गाडी आणली होती, तरी आर्मिंदो स्वतःचा ट्रक घेऊन विमानतळावर हजर. त्याने वाल्दिरला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मागच्या सीटवरचा जाड कोट त्याच्या अंगावर टाकला आणि म्हणाला, "सोमवारी सहाला तयार राहा."

"भाऊजी, आज शनिवार आहे," डेल्फिना म्हणाली. "त्याला जरा झोपू द्या."

"उद्या झोपेल की," आर्मिंदो म्हणाला आणि सामान उचलायला लागला.