हँडलवरचा आकडा

ताईला दवाखान्यात ठेवून तीन आठवडे झाले होते. सुतार रोज दुपारी हातातलं काम टाकून तीस किलोमीटर मोटरसायकल हाणायचा, ताईला डबा द्यायचा, तासभर बसायचा आणि परत फिरायचा. गाडी त्याच्या लग्नाआधीची. पहिल्याच आठवड्यात बॅटरी उतरून ती भर रस्त्यात बंद पडली आणि चार किलोमीटर ढकलावी लागली. दुधानं पोळलेला ताकही फुंकून पितो. त्यानं हँडलवर छोटा व्होल्टमीटर बसवला आणि त्याची वायर हेडलाइटच्या वायरीला जोडून टाकली.

गाडी पळत असताना तेरा-चौदा व्होल्ट दिसायला हवेत. दिसायचे अकरा पॉइंट चार. नवी बॅटरी टाकली, तरी तेच. रस्त्यापेक्षा त्याची नजर त्या आकड्यावरच जास्त असायची.

मंगळवारी ताईचं ऑपरेशन होतं. अर्ध्या वाटेत आकडा अकरावर आला. सुतारानं गाडी कडेला घेतली, जरा वेळ नुसता बघत राहिला आणि घरी परतला.

ऑपरेशन नीट पार पडलं. रविवारी ताईचा नवरा अंघोळीपुरता सुताराकडे आला. या दाजींचा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात गेला होता. पाच दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता, तरी अंगणात गाडीपाशी थबकलेच.

"बॅटरी नवी दिसते."

"बदलली. काही उपयोग नाही झाला."

"आजार रेड्याला आणि औषध पखालीला! चालू कर."

दाजींनी पिशवीतला मीटर काढून थेट बॅटरीला लावला. तेरा पॉइंट नऊ. हँडलवर अकरा पॉइंट चार.

"टाकीत पाणी किती ते तू वरच्या मजल्यावरच्या नळावरून ठरवतोस," दाजी म्हणाले. "जुना स्विच, गंजलेले जोड, त्यात हेडलाइटचा भार. वाटेतच अडीच व्होल्ट गळतात."

दाजी स्टुलावर बसून सांगत गेले, सुतार करत गेला. कोपऱ्यावरच्या दुकानातून रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा छोटा स्विच, आणि फ्यूज आणला. हँडलवरच्या मीटरची एक वायर फ्यूज आणि रिलेतून बॅटरीच्या प्लसला, दुसरी सरळ मायनसला. हेडलाइटच्या वायरीकडे आता एवढंच काम राहिलं, चावी फिरवली की रिलेला जागं करायचं. चावी काढली की मीटरही बंद.

गाडी चालू केली. दोन्हीकडे तेरा पॉइंट नऊ.

सुतार पायरीवर टेकला. "म्हणजे मंगळवारी..."

"मंगळवारी गाडीला काही झालं नव्हतं." दाजींनी टॉवेल खांद्यावर टाकला. "ऑपरेशनला आत नेईपर्यंत तुझी ताई तुलाच विचारत होती."

दुसऱ्या दिवशी सुतारानं ताईला सगळं सांगितलं. ती उशीला टेकून डोळे मिटून ऐकत होती.

"मला वाटलं, घाबरलास."

तो म्हणाला, "घाबरलोच होतो ताई. आकडा उतरला तेव्हा बरंच वाटलं मला. परत फिरायला कारण मिळालं."

"मीही घाबरले होते," ती म्हणाली. "मला कुठं परत फिरता येत होतं?"

तिनं पांघरुणातून हात काढला.

"जरा उठव. कूस बदलायचीय."

त्यानं तिच्या पाठीखाली हात घातला. ती फार हलकी झाली होती.