चिठ्ठीच्या मागचं माप

पाळक चर्चच्या दारात उभा राहून हात मिळवत होता. एरवी लोक बोटं टेकवल्यासारखी करून पायऱ्या उतरत. आज रांग हलायला तयार नव्हती. मुख्याध्यापिकाबाईंनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. डोळे अजून ओले होते.

"साहेब, इतकी वर्षं उपदेश ऐकतेय. आज पहिल्यांदा घड्याळ बघितलं नाही."

"देवाची कृपा," पाळक म्हणाला आणि त्याने त्यांच्या खांद्यावरून आत बघितलं. तिसऱ्या बाकावर शिवणवाली गीतांचं पुस्तक मिटून बसली होती. मग ती उठली आणि बाजूच्या दाराने निघून गेली.

मदत त्यानेच मागितली होती. उपदेश शिळे झालेत हे त्याला लोकांच्या जांभयांवरून कळत होतं. 'या, माझ्याबरोबर उपदेश तयार करा,' असं त्याने भर उपासनेत सांगितलं तेव्हा चार जण पुढे आले. मुख्याध्यापिकाबाई, एक बसड्रायव्हर, दवाखान्यातला कंपाउंडर आणि ही शिवणवाली. दर मंगळवारी दुपारी मागच्या खोलीत तो येत्या रविवारचं बायबलमधलं वचन वाचायचा. ज्याला ते जिथे टोचलं, ते त्याने चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकायचं. नाव घालायचं नाही. व्यासपीठावरून 'एक माणूस' म्हणून सांगायचं. तसं ठरलं होतं.

या मंगळवारच्या एका चिठ्ठीत होतं: 'वडील जायला टेकले होते. दोनदा निरोप आला. मी ऑर्डरचा ड्रेस पुरा करत बसले. खरं म्हणजे मला त्यांचं तोंड बघायचं नव्हतं. ड्रेस वेळेत झाला.' चिठ्ठीच्या मागे लिहिलं होतं, छाती छत्तीस, बाही एकोणीस. कुणाची ते विचारायची गरज नव्हती.

रविवारी 'एक माणूस' म्हणायच्या जागी पाळक 'मी' म्हणाला. जीभ घसरली असं त्याला स्वतःला सांगता आलं असतं. पण समोरची डोकी वर झालेली त्याने बघितली आणि 'मी' मागे घेतलं नाही. उलट मीठमसाला लावला. ड्रेसच्या जागी कमिटीची बैठक घातली.

"तू तर बाबांच्या उशाशी अकरा दिवस होतास," जेवताना बायको म्हणाली. "डबे मीच पोचवत होते."

त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

सोमवारी तो शिवणवालीच्या दुकानात गेला. ती कॉलर शिवत होती.

"त्या स्टुलावर नका बसू, टाचण्या आहेत."

तो उभाच राहिला. "माझं चुकलं, ताई. पण तुमचं नाव निघालं नाही. कुणाला काही कळलं नाही."

मशीन थांबलं.

"मुख्याध्यापिकाबाई रडल्या ना? कुणासाठी रडल्या?" तिने दाताने दोरा तोडला. "बावीस वर्षं मी ते उरावर घेऊन फिरतेय. पहिल्यांदा कागदावर उतरवलं. वाटलं, तिथे कुणीतरी मोठ्याने म्हणेल की असल्या पोरीलाही माफी आहे. तेवढं ऐकायला येऊन बसले होते हो. आणि माफी तुम्ही घेऊन गेलात."

पाळकाने कान चोळला. "येत्या रविवारी उभा राहून सांगतो. गोष्ट माझी नव्हती म्हणून."

"सांगा. त्याने तुमचं मन हलकं होईल. माझं काय?"

तिने कॉलर पुन्हा सुईखाली सरकवली.

मंगळवारी त्याने कुणाला बोलावलंच नाही. रविवारी सांगितलं. दोनच वाक्यं, कागदावरून वाचून. बाकं करकरली. उपासना संपल्यावर दारात रांग झाली नाही, घोळका झाला.

"मग गोष्ट होती कुणाची?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं. हात पुढे केला नाही.

"माझी," मागून शिवणवाली म्हणाली.

सगळे वळले. कुणाच्याही डोळ्यांत पाणी नव्हतं. बसड्रायव्हरने बुटाच्या लेसकडे बघितलं. मुख्याध्यापिकाबाईंनी पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"असतात कामं माणसाला," त्या म्हणाल्या. "पण सख्खे वडील म्हणजे..." आणि पायऱ्या उतरल्या. त्यांच्या मागे बाकीचे उतरले. पाळकाने तोंड उघडलं, तोवर शिवणवालीही फाटकापाशी पोचली होती. त्याने हाक मारली नाही.

पुढच्या मंगळवारी मागच्या खोलीत पाच खुर्च्या मांडल्या होत्या. ड्रायव्हरने ड्युटी बदलून घेतली होती. कंपाउंडरला ताप होता म्हणे. मुख्याध्यापिकाबाईंनी निरोपही पाठवला नाही. पाळक डब्याचं झाकण लावत होता, तेव्हा शिवणवाली आली आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसली.

"वाचा," ती म्हणाली.

त्याने वचन वाचलं. नंतर मान खाली घालून तो म्हणाला, "त्या दिवशी दारात मी बोलायला हवं होतं. सगळ्यांसमोर."

"हो. हवं होतं."

तिने पिशवीतून एक कागद काढला, त्याचे दोन तुकडे केले. एक स्वतःपुढे ठेवला. दुसरा त्याच्याकडे सरकवला, वर पेन्सिल ठेवली.

"आजवर तुम्ही एकदाही चिठ्ठी टाकली नाही," ती म्हणाली. "लिहा. 'मी' म्हणूनच लिहा."

ती आपल्या कागदावर वाकली. पाळकाने पेन्सिल उचलली. कागद उलटा करून बघितला. कुणाच्या तरी बाहीचं माप होतं. त्याने पुन्हा कोरी बाजू वर केली.