उपाशी ठेवायचं झाड

माझ्या सुनेनं झाडाला पाणी घातलं, ही माझी तक्रार आहे. शेजारच्या रंभाला सांगितली तर पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "सून पाणी घालीत नाय म्हणून रडणाऱ्या सासवा लय पायल्या. घातलं म्हणून रडणारी तूच गो!"

हसू दे. तिच्या अंगणात एक तुळस नि एक कढीपत्ता. तिला ऑर्किडमधलं काय कळतंय?

आमचे हे मुरबाडकडच्या एका रिसॉर्टवर माळी होते. तिथं फुलं संपली की झाडं फेकून द्यायचे. ती हे पिशवीत घालून एसटीनं इथं किन्हवलीला घरी आणायचे. घरामागं बांबू रोवले, वर हिरवी जाळी ताणली, नारळाच्या सोडणात नि कोळशाच्या खड्यांत झाडं बसवली. मातीचा कण नाही. मी म्हणायचे, आमाला दोन वेळचा भात लागतो, तुमच्या या लाडक्यांचं वाऱ्यावर भागतं.

हे गेल्याला आता तीन वर्षं झाली. मुलगा संघरत्ना कल्याणला असतो. जाळीखाली मी एकटीच. सकाळी फवारा मारते, गोगलगायी वेचते आणि बोलते. कोणाशी, ते विचारू नका.

त्यातलं एक लोंबतं झाड यांचं फार लाडकं. पावसाळाभर त्याच्या काड्या हात-हात वाढतात. थंडी पडली की पानं गळतात आणि चुलीत घालाव्यात अशा सुक्या काड्या उरतात. तेव्हा त्याला पाणी द्यायचं नाही. दोन महिने थेंब नाही. असं उपाशी ठेवलं की मार्चात त्या उघड्या काड्यांना गाठीगाठीला जांभळी फुलं येतात. यांचा स्मृतिदिनही मार्चातच. गेल्या दोन्ही वेळेला फोटोपुढं मी तीच फुलं ठेवली. यांच्या हातची. बाजारची नाही.

जानेवारीत माझी लेक अक्षदा टोकावड्याला सासरी बाळंत झाली, दुसऱ्या खेपेला. मला तीन आठवडे जावं लागलं. मेघाची, म्हणजे सुनेची, नोकरी सुटलेली होती, म्हणून ती इथं येऊन राहिली. निघताना मी तिला म्हणाले, "कोंबड्या झाकीत जा, झाडांना पाणी घालीत जा." आणि एसटीत बसले.

परत आले त्या दिवशी सकाळीच मेघा कल्याणला गेली होती. जाळीखाली गेले तर सुक्या काड्यांवर जागोजागी हिरवे कोंभ. कळ्या लवकर आल्या म्हणून आधी हरखले. जवळ जाऊन पाहिलं तर कळ्या नव्हत्या, पिल्लं होती. एकेकाला दोन पानं, खाली पांढरी मुळं. भलत्या वेळी पाणी मिळालं की हे झाड फुलायचं सोडून पोरं काढत बसतं. फोनवर मी मेघाला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

काल स्मृतिदिन झाला. संघरत्नाला सुट्टी नव्हती. मेघा एकटी आली, हातात प्लास्टिकात गुंडाळलेली बाजारची ऑर्किडं. ती मी बादलीत ठेवली. वंदना झाली, माणसं जेवून गेली. फोटोपुढं नुसती मेणबत्ती.

दुपारी पाहिलं तर मेघा जाळीखाली उभी.

"आई, मला वाटलं, मेलं ते."

"सुकलं म्हंजे मेलं व्हय?"

"रोज पानं पडायची. घरात मी एकटी. संध्याकाळी कोणाचा आवाज नाय. मी दोनदा पाणी घालायची, त्याच्याशी बोलायची. कोंभ दिसला तेव्हा रडलीच मी. वाटलं, वाचवलं."

मी एका पिल्लाची मुळं बोटानं चाचपली.

"मग फोन का नाय केलास? तीन आठवडे माझ्या कमरेला फोन होता."

ती काड्यांकडंच बघत राहिली. "तुमी ओरडाल म्हणून."

संघरत्ना रविवारी फोन लावतो आणि लगेच मेघाच्या हातात देतो. अक्षदाच्या सासरी मी खोलीत शिरले की माणसं गप्प होतात. मला वाटायचं, मान देतात.

जाळीचा दोर सैल नव्हता, तरी मी तो सोडून पुन्हा बांधला. मग म्हणाले, "ऐक मेघा. त्याला पाणी नको हे मी तुला सांगितलं नाय, तो दोष माझा. यांनी मला सांगितलं नसतं तर मीबी घातलं असतं. पण तू विचारलं नायस, तो दोष तुझा, आणि तो मी सोडणार नाय. फोन करायचा. मी ओरडणार. पोटभर ओरडणार. तरी करायचा."