खाका दिला, वाघ नाही दिला

बाजारातली कुजबुज खरी निघाली. जॉन्जू शहराच्या जुन्या पेठेत सुनेच्या दुकानात पाऊल टाकताच मालसूनच्या डोक्यात तिडीक गेली. उशांच्या अभ्र्यांवर, छत्र्यांवर, पिशव्यांवर तिचाच वाघ बसलेला. तांदळाची दारू ढोसून उंबऱ्यात ओशाळा उभा राहिलेला नवरा बघून तिनं तो काढला होता. आणि खाली सुनेचं नाव छापलेलं : चित्र – ह्येरिम.

"कुणाला विचारून गं?"

"विचारायचं काय, आई? लोकचित्रं सगळ्यांचीच. झाडाखालचा वाघ माझे पणजोबाही काढायचे."

"तुझ्या पणजोबांनी माझा नवरा बघितला होता का?"

एक गिऱ्हाईक फिसकन हसलं. ह्येरिम लालबुंद झाली. "तुमचं नाव आहे का वाघावर? नोंदणी तरी केलीत कुठं?"

लोकचित्रावर नाव घालायचं नाही, ही इथली रीतच. गुरूनं खाका द्यायचा, शिकणाऱ्यानं तो कागदाखाली धरून गिरवायचा. मालसूननंच सुनेला ह्या वाघाचा खाका दिला होता. नाव नाही म्हणजे हक्क गेला, असं तिलाही वाटायचं. पण परवा चित्रकारांच्या संघात वकीलबाईंनी तिची समजूत पार उलटी केली होती.

"नोंदणी नाही लागत," मालसून म्हणाली. "कागदावर उतरला तेव्हापासून माझा. झाडाखाली वाघ खुशाल काढ, तो कुणाच्या बापाचा नाही. पण हा मी काढलेला. खाका दिला तो हात बसायला, दुकान थाटायला नाही!"

मुलगा सांगबोम मध्ये पडला. "आई, घरातलंच आहे गं. खाली तुझं नाव छापतो, मग तर झालं?"

"माझी कोंबडी चोरून रस्सा करा नि वाटीवर माझं नाव लिहा! वा रे लेका! नाव वेगळं, परवानगी वेगळी."

"मग द्या परवानगी," ह्येरिम दात आवळून म्हणाली. "सगळा माल ह्याच वाघाचा आहे. दुकान बुडेल माझं."

"मागतेयस की दम देतेयस?"

"पाय धरू का आता?"

"नको. नाही देत."

ह्येरिमनं खुंटीवरचा अभ्रा ओरबाडून सासूच्या पायाशी भिरकावला. "घ्या! घाला डोक्यावर!"

मालसून वाकलीसुद्धा नाही. तिनं दाराशी स्टूल ओढलं आणि ऐसपैस बसली.

"हं, उरलेले वाघही खाली उतरव. मला घाई नाही."