डाव्या सीटचा पट्टा

महानंदाने क्लच नीट सोडला की तिचा नवरा एक वीत लांब जायचा.

गाडी बाहेरून होती तेवढीच राहायची. तीच छोटी पांढरी गाडी, टपावर 'कोरे मोटार ड्रायव्हिंग स्कूल'ची पिवळी पाटी, मागच्या काचेवर लाल एल. पण आत, हँडब्रेकच्या पलीकडे, जागा वाढायची, आणि डावी सीट तिच्यावर बसलेल्या चन्नवीर कोऱ्यांसकट खिडकीकडे सरकायची. खिडकीही तेवढीच मागे हटायची. आवाज नाही, हिसका नाही. आणि महानंदाचं काही चुकलं, गिअर खरकन वाजला, गाडी आचके देऊन बंद पडली, की सीट गुपचूप परत जवळ यायची.

चन्नवीर चैत्रात वारले. त्यांच्या लिंगायत समाजात माणसाला आडवं करत नाहीत. कपाळाला विभूती लावून, मांडी घालून, बसवूनच मातीत ठेवतात. म्हणून चौथ्या दिवशी महानंदा गाडी पुसायला गेली आणि ते डाव्या सीटवर बसलेले दिसले, तेव्हा गल्लीत कुणाला फारसं नवल वाटलं नाही. बसवलेला माणूस, कुठेतरी बसणारच. फक्त मांडी मोडून त्यांनी पाय खाली सोडले होते, कारण शिकवणीच्या गाडीला मास्तरच्या बाजूलाही एक ब्रेक असतो आणि त्यांना पायाखाली ब्रेक नसला तर चैन पडत नसे.

"पट्टा लाव," ते म्हणाले.

महानंदा आधी पोटभर रडली. मग तिने पट्टा लावला.

त्याचं असं झालं होतं. या माणसाने अर्ध्या बार्शी तालुक्याला गाडी शिकवली. डॉक्टर शिकले, वाणी शिकले, एक कीर्तनकारबुवाही शिकले. बायको तेवढी राहिली! तीस वर्षं ती म्हणत होती आणि तीस वर्षं ते म्हणत होते, उन्हाळा सरू दे. शेवटी गेल्या वर्षी महानंदाने कंबर कसली, स्कूलचं कार्ड स्वतःच काढलं, त्यावर स्वतःचं नाव घातलं आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. त्या कार्डावर एकवीस चौकोन असतात. एक धडा नीट झाला की कोरे सर हिरव्या पेनाने एका चौकोनात खूण करायचे. नीट झाला नाही तर धडा धरायचा नाही, उद्या पुन्हा तोच. यात त्यांनी कुणाची गय केली नाही, कीर्तनकारबुवांचीही नाही.

महानंदाच्या कार्डावर अकरा खुणा झाल्या आणि सर गेले.

बारावा धडा चढाचा. गावाबाहेर कालव्याचा पूल आहे, त्याच्या चढावर गाडी थांबवायची, हँडब्रेक ओढायचा, आणि मागे तसूभरही न घसरता पुन्हा निघायचं. पाचव्या दिवशी महानंदाने तो करून पाहिला. पहिल्याच खेपेला झकास जमला. खुशीत तिने डावीकडे पाहिलं, तर सर दोन विती लांब.

"अहो, हे काय?"

"शिकलीस की लांब बसायचं," ते म्हणाले. "मास्तरचं काम तेवढंच."

त्यांनी हिरवं पेन काढलं. महानंदाने गाडी दाणकन बंद पाडली. सीट दोन विती जवळ आली आणि पेन परत खिशात गेलं.

एवढं कळायला तिला काही शाळा लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून बाई सुरूच झाली. सकाळी सातला पुलावर जायचं, चढावर थांबायचं, हँडब्रेक आधी सोडायचा आणि क्लच उशिरा. गाडी मागे घसरली की सरांचा पाय त्यांच्या ब्रेकवर पडायचा, गाडी गचकन थांबायची, आणि सीट एवढी जवळ यायची की त्यांच्या बाहीचं कडक इस्त्रीचं कापड तिच्या कोपराला लागायचं. त्यांच्या डोक्याच्या तेलाचा वास यायचा. विभूतीच्या तीन रेघा सुट्या दिसायच्या, मधली जरा वाकडी. तीस वर्षांच्या संसारात तिने त्यांच्याकडे इतकं जवळून, इतका वेळ बघितलं नव्हतं. घरात कुठे वेळ असतो हो! कुकरकडे बघायचं, घड्याळाकडे बघायचं, माणूस आपला असतोच.

"महानंदा, मुद्दाम करतेस?"

"नाही हो. पाय घसरला."

"तीन महिने घसरतोय?"

"माझा पाय आहे, घसरेल नाहीतर काय करेल."

ते हसायचे. सर हसले की तिला वाटायचं, बारावा धडा जन्मभर पुरला तरी चालेल. तिला तेच हवं होतं. गाडी चालवता येण्याची तिला आता काडीचीही ओढ नव्हती.

भाद्रपदात गाडी चिरकायला लागली. ब्रेक लागला की पुढच्या चाकातून किरर्र आवाज. हसनभाईंच्या गॅरेजमध्ये महानंदाने ती नेली. हसनभाई म्हणजे सरांचे जुने दोस्त, पंचवीस वर्षं याच गाड्यांचे कान पिळत आलेले. त्यांनी खिडकीतून आत डोकावून "सलाम, कोरे सर" केलं, मग चाक काढून पाहिलं आणि जिभेने चक् केलं.

"वहिनी, ब्रेक पॅड संपलेत. लोखंडावर लोखंड घासायलंय. ब्रेक ऑइल पण खाली गेलंय."

"पण मी तर ब्रेक दाबतच नाही. हेच दाबतात."

"पेडल दोन असले म्हणून ब्रेक दोन नसतात, वहिनी. तुमचा पाय असो का सरांचा, खाली पॅड तेच. गाडी दोन दिवस ठेवून जावा."

दोन दिवस! महानंदाचं तोंड उतरलं. दोन दिवस म्हणजे दोन सकाळी. तिने डावीकडे पाहिलं. सर म्हणत होते, "ठेव म्हणतो तर ठेव." आयुष्यभर या माणसाने दर रविवारी टायरची हवा, ऑइल, पाणी, दिवे स्वतः तपासल्याशिवाय नाश्ता केला नव्हता.

"पुढच्या सोमवारी आणते," ती म्हणाली.

पुढचा सोमवार आला आणि गेला. त्याच्या पुढचाही गेला. सर दर रविवारी आठवण करायचे आणि ती दर रविवारी हो म्हणायची.

आणि मग त्या दिवशी सकाळी पुलाच्या चढावर गाडी उभी होती. आरशात मागे कांताबाई दिसत होती, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. डोक्यावर पाटी, पाटीत पातेली, चढ चढून दमलेली, गाडीच्या मागे जरा टेकून उभं राहावं म्हणून थांबलेली. महानंदाला ती दिसली. दिसूनही, रोजची सवय, तिने हँडब्रेक सोडला. सर आहेतच की.

गाडी घसरली. सरांचा पाय ब्रेकवर पडला. पेडल खाली गेलं, आणखी खाली गेलं, आणि तळाला टेकलं. गाडी थांबली नाही.

महानंदाने त्यांच्याकडे पाहिलं. ते भ्यालेले तिने कधीच पाहिले नव्हते. कांताबाई आरशात मोठी होत होती. महानंदाने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला, असा ओढला की खांद्यातून कळ गेली. मागची चाकं धरली गेली. पाटीतली सगळी भांडी एकदम वाजली आणि वाजतच राहिली.

"का वो ताई, जीव घेता का माझा?" कांताबाई ओरडत खिडकीशी आली. गाडीत आणि तिच्यात हातभर अंतर राहिलं होतं. मग तिने आत पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सर कुठं गेले?"

सर होते. पण हँडब्रेक बरोबर वेळेला, बरोबर ओढला गेला होता, आणि सीट एका दमात आठ हात लांब गेली होती. तिथून त्यांचा चेहरा सुपारीएवढा दिसत होता.

महानंदाने कांताबाईचे पाय धरले. कांताबाई म्हणाली, असू द्या, असू द्या, आणि पातेली लावत बसली. मग महानंदा गाडीत येऊन बसली आणि गाडी मुद्दाम आचके देऊन बंद पाडायला क्लचवर पाय ठेवला. दोनदा चूक केली तरी निम्मं अंतर कमी झालं असतं.

"नको," सरांचा आवाज आला. ओठ आधी हलले, आवाज मागून आला. "मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही. तुला कळतंय ना?"

"मला तुम्ही हवे आहात," महानंदा म्हणाली. इतक्या वर्षांत हे तिने कधी तोंडाने म्हटलं नव्हतं. "मला बाकी काही नको. गाडी नको, कार्ड नको."

उत्तराला पोचायला वेळ लागला. ते तिकडून निघालं असणार.

"मला तू नको आहेस का?" सर म्हणाले. "पण ती बाई रोज याच वाटेने येते, महानंदा. धडा धर."

त्या दिवशी बाराव्या चौकोनात हिरवी खूण झाली.

हसनभाईंनी पॅड बदलले, ऑइल भरलं, दोन दिवस गाडी जॅकवर होती आणि सर वरच बसून होते. हसनभाईंनी त्यांना चहा देण्याचा प्रयत्न केला, पण हात पुरला नाही. गाडी परत देताना त्यांनी आत एकदा टेप लावून पाहिला. टेप तीन मीटरचा होता, तो संपला. हसनभाईंनी तो गुंडाळला आणि "आता ब्रेक चांगला लागंल" एवढंच म्हणाले.

पुढचे धडे तिने नीट केले. नीट करायचं म्हणजे काय, तिच्या जिवाला ठाऊक. प्रत्येक सुंदर वळणाला नवरा लांब. वेळेवर दिलेल्या प्रत्येक इशाऱ्याला लांब. बाजाराच्या दिवशी, दोन बैलगाड्यांच्या मधून, तिने गाडी एकही हॉर्न न मारता अलगद काढली आणि रस्त्यावरचे लोक वा म्हणाले. महानंदाने डावीकडे बघायचंच टाळलं.

डाव्या बाजूचा आरसा आता इतका लांब होता की त्यात काही दिसत नसे. सर तिकडून सांगायचे, "डावीकडे मोकळं आहे." पण ते पोचेपर्यंत डावीकडे सायकल आलेली असायची. मग तिने मान वळवून स्वतः बघायची सवय लावून घेतली. तीही बरोबरच सवय होती. म्हणजे आणखी दोन विती.

कार्ड द्यायला हात पुरत नव्हता, म्हणून बाराव्या खुणेपासूनच ती ते डॅशबोर्डवर ठेवायची. उजवं वळण घेतलं की कार्ड डावीकडे घसरत घसरत सरांकडे जायचं. मग ती गावाला वळसा घालून एक मोठं डावं वळण घ्यायची, आणि कार्ड घसरत परत यायचं, हिरवी खूण होऊन. सतराव्या धड्याला कार्डासोबत एक सुपारीची पुडी आली. अठराव्या धड्याला तिने लाडू पाठवला. तो पोचला का, ते कळलं नाही.

एक गोष्ट मात्र सुटली नव्हती. डाव्या सीटच्या पट्ट्याचं कुलूप असतं मधे, हँडब्रेकपाशी. ते महानंदाच्या बाजूला राहिलं होतं. सरांच्या अंगावरून निघालेला काळा पट्टा सगळी जागा ओलांडून, ताठ, तिच्या डाव्या मांडीजवळच्या कुलपात येऊन अडकला होता. वळणावर तो हलकेच थरथरायचा. सिग्नलला थांबली की महानंदा त्यावर हात ठेवायची. कधी कधी त्याला तिकडून एक बारीक ओढ बसायची, आणि तिला बरं वाटायचं.

एकविसावा धडा गाडी बंद करण्याचा. लोक हसतात, त्यात काय शिकायचं म्हणून. पण सर म्हणायचे, चालवायला कुणीही शिकतं, नीट थांबून उतरणारा ड्रायव्हर खरा. गाडी रस्त्याच्या कडेला, चाकं सरळ. न्यूट्रल. हँडब्रेक. दिवे बंद. किल्ली. मग आधी शेजारच्याचा पट्टा ड्रायव्हरने काढायचा. आणि पट्टा सरसर मागे जाऊन दाराशेजारच्या खांबावर 'टक' वाजल्याशिवाय कुणीही दार उघडायचं नाही, कारण घाई केली की पट्टा दारात अडकतो, कापला जातो, आणि पुढच्या खेपेला नेमका तोच माणूस वाचत नाही. या 'टक'साठी त्यांनी भल्याभल्यांना दारावरचा हात मागे घ्यायला लावला होता.

महानंदाने गाडी स्कूलच्या दारात, कडुलिंबाखाली लावली. चाकं सरळ होती. न्यूट्रल. हँडब्रेक. दिवे. किल्ली. प्रत्येक गोष्टीला डावी खिडकी मागे जात राहिली आणि शेवटी खिडकीच्या जागी नुसता उजेड उरला. सर दिसत नव्हते. पट्टा तेवढा ताठ होता.

"झालं का हो बरोबर?" तिने विचारलं.

उत्तराची तिने पुष्कळ वाट पाहिली. कडुलिंबाची सावली बॉनेटवरून उतरून काचेवर आली. मग पट्ट्याला तिकडून ओढ बसली. एकदाच, सावकाश.

महानंदाने अंगठा लाल बटणावर ठेवला आणि दाबला.

पट्टा सुटला. तिच्या तळहाताखालून सरसर निघाला, हँडब्रेकवरून, रिकाम्या जागेवरून, उजेडाकडे. टोकाची स्टीलची जीभ लकाकली आणि बारीक होत गेली. मग नुसता आवाज राहिला.

कांताबाई पाटी घेऊन चालली होती, ती गाडी बघून थांबली. काचेवर बोटाने टकटक केलं.

"ताई, झालं की शिकून? उतरा की आता."

महानंदाने काच चार बोटं खाली केली. तिचा दुसरा हात दाराच्या कडीजवळ होता, पण कडीला लागलेला नव्हता.

"थांब गं जरा," ती म्हणाली. "पट्टा अजून पोचला नाही."